कोकणातल्या कुठल्या कामाला आयईईईचा माइलस्टोन मिळावा? (चर्चा)

खाडीकाठ, चिपळूण

नमस्कार मंडळी. १५ सप्टेंबरचा इंजिनिअर्स डे झाला, नेहमीप्रमाणे विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, मग कुणीतरी उठून खडकवासल्याच्या १९०३ सालच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची गोष्ट सांगितली, शाल-श्रीफळ, वडापाव, चहा, घरी. पण या वेळी एका पोराने विचारलं की सर, बाहेरच्या जगात इंजिनिअरिंगवाल्यांच्या संस्था कामाचा सन्मान कसा करतात, आणि आपल्या इकडच्या कशाचा केलाय का. म्हणून धागा काढतोय.

मला जे माहितीय ते आधी टाकतो. आयईईई म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची जगभरची संस्था, १८८४ ची एक आणि १९१२ ची एक अशा दोन जुन्या अमेरिकन संस्था १९६३ मध्ये एकत्र येऊन झालेली. माणसांना ते मेडल देतातच, पण १९८३ पासून त्यांचा माइलस्टोन नावाचा कार्यक्रम आहे तो मला जास्त आवडतो, कारण त्यात कामाचा सन्मान होतो आणि तो सुद्धा ते काम जिथे झालं त्या जागेवर. काम निदान २५ वर्षं जुनं पाहिजे, आणि मंजूर झालं की तिथे ब्राँझची पाटी लागते, पाटीवरचा मजकूर जास्तीत जास्त ७० शब्द. बस एवढंच.

भारतातल्या दोन पाट्या २०१२ साली कोलकात्यात लागल्या, एक जगदीशचंद्र बोसांच्या रेडिओच्या प्रयोगांची आणि दुसरी रामन इफेक्टची. मग २०२० मध्ये आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं नाव जाहीर झालं. घाट उतरून खाली मात्र काही नाही.

तर कोकणातलं काय सुचवाल? माझ्याकडून तीन नावं: खोपोलीचं पॉवर हाऊस, पोफळीचं कोयना आणि कोकण रेल्वे.

सडेकर

दादा, पाटी लावून काय होणार ते सांगा आधी. आपल्याकडे पाटी म्हटलं की उद्घाटक अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, खाली बारीक अक्षरात कॉन्ट्रॅक्टर, आणि ज्याने ड्रॉइंग काढलं त्याचं नाव कुठेच नाही. मी एका असोसिएशनच्या पुरस्कार समितीवर बसलोय (कुठल्या ते विचारू नका), तिथे नाव ठरायचं कसं, तर हॉलचं भाडं कोण भरतोय त्यावरून. एका वर्षी उत्कृष्ट नवोन्मेषक म्हणून ज्याला दिलं त्याने फक्त बाहेरून पंप आणून विकले होते. तेव्हा मेडलबिडल बघितलं की माझा हात आधी खिशाकडे जातो.

आंजर्ले ते ऑस्टिन

सडेकर, तुमचा संशय रास्त आहे, पण माइलस्टोनची पद्धत थोडी वेगळी आहे म्हणून सांगते. मी आयईईईची सीनियर मेंबर आहे, इकडच्या एका सेक्शनच्या (म्हणजे स्थानिक शाखेच्या) हिस्टरी कमिटीत थोडं काम केलंय.

कुणीही प्रस्ताव टाकू शकतं, म्हणजे तुम्ही मेंबर नसलात तरी. पण त्या भागाच्या सेक्शनला किंवा आयईईईच्याच दुसऱ्या एखाद्या शाखेला त्याच्या मागे उभं राहावं लागतं, पाटीचा खर्च पण त्यांनाच उचलावा लागतो, आणि जागा ज्याच्या मालकीची आहे त्याची लेखी परवानगी लागते. मग हिस्टरी कमिटी बसते आणि खरं डोकं तिथे खाल्लं जातं. त्या ७० शब्दांतल्या प्रत्येक दाव्याला त्या काळातला कागद मागतात, म्हणजे पेपर, पेटंट, रिपोर्ट, त्या वेळचं वर्तमानपत्र. आमचे आजोबा सांगायचे हे चालत नाही. "पहिला" हा शब्द दिसला की तर पंधरा प्रश्न येतात, कशात पहिला, कुठे पहिला, त्याआधी अमक्याने केलं होतं त्याचं काय.

बोसांच्या पाटीचंच बघा ना. "महान शास्त्रज्ञ" वगैरे काही नाही. १८९५ मध्ये ६० गिगाहर्ट्झच्या लहरी २३ मीटरवर, मधल्या दोन भिंतींतून पाठवल्या, पलीकडे घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली, असं सरळ लिहिलंय. वाचणाऱ्याला कळतं नेमकं काय झालं ते. आणि गंमत म्हणजे तोच पट्टा आता वायरलेसवाले परत वापरायला लागलेत.

आणि नुसत्या मोठ्या शोधांनाच मिळतं असं पण नाही. जपानात रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट तपासणाऱ्या गेटला मिळालाय, व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटला मिळालाय, यागी अँटेनाला १९९५ मध्ये मिळाला.

मीटरबॉक्स, राजापूर

यागी म्हणजे आपली ती कौलांवरची मासळीच्या काट्यासारखी दूरदर्शनची अँटेना ना? ती १९२४ ची आहे हे वाचून उडालोच. आम्ही रामायणाच्या टायमाला ती बांबूला बांधून गोल गोल फिरवायचो आणि खालून आई ओरडायची आला आला आला, गेला.

सडेकर

ठीक, काम आणि जागा समजलं. पण माणसांना देतात त्याचं काय? तिथे तर वशिला असणारच की.

आंजर्ले ते ऑस्टिन

माणसांच्या बाबतीत राजकारण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, माणसंच आहेत शेवटी. फेलो, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सदस्य, करतात तिथे नियम आहे की एका वर्षात मतदार सदस्यांच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त लोकांना करायचं नाही. आणि स्वतःचं नाव स्वतः टाकता येत नाही, दुसऱ्याने टाकावं लागतं, तुमचं काम ओळखणाऱ्या फेलोंची पत्रं लागतात. त्यामुळे ज्याच्या ओळखीत फेलो नाहीत तो कितीही हुशार असो, मागे राहतो. लहान गावातल्या, लहान कॉलेजातल्या माणसाचं हे खरंच नुकसान आहे.

सगळ्यात वरचं म्हणजे मेडल ऑफ ऑनर. पहिलं १९१७ मध्ये, तेव्हाच्या त्या १९१२ वाल्या संस्थेने, एडविन आर्मस्ट्राँगला दिलं, आपण एफएम रेडिओ ऐकतो ना तो पुढे त्यानेच काढला. याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. मेडल मिळालं ते रिजनरेटिव्ह सर्किटसाठी, म्हणजे आलेला कमकुवत सिग्नल परत परत त्याच व्हॉल्व्हमधून फिरवून मोठा करायचा. त्यावर ली डी फॉरेस्ट या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने दावा लावला की हे माझं आहे, खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शेवटी डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. आर्मस्ट्राँग मानी माणूस, त्याच वर्षी संस्थेच्या अधिवेशनात मेडल परत द्यायला गेला, की कोर्ट म्हणतंय शोध माझा नाही तर हे मी ठेवू कसं. आणि संस्थेच्या मंडळाने ते परत घ्यायला एकमताने नकार दिला! कोर्ट काही म्हणो, सर्किट कुणाला कळलं होतं ते आम्हा इंजिनिअर लोकांना ठाऊक आहे, असाच त्याचा अर्थ. पुढे १९४२ मध्ये दुसऱ्या संस्थेने, म्हणजे १८८४ वालीने, त्याला एडिसन मेडल पण दिलं.

मला संस्थेने केलेला सन्मान म्हटलं की हाच प्रसंग आठवतो. नाहीतर २०२५ पासून मेडल ऑफ ऑनरची रक्कम २० लाख डॉलर केलीय, आधी ५० हजार होती. पैसे वाढले म्हणून बातमी मोठी झाली एवढंच.

खाडीकाठ, चिपळूण

वा, हे माहीत नव्हतं. आणि एडिसन मेडल टेस्लाला पण मिळालंय, १९१६ चं. ज्या माणसाशी अख्ख्या जन्माचं वाकडं त्याच्याच नावाचं मेडल गळ्यात, काय वाटलं असेल बिचाऱ्याला.

देवगडचो आंबो

ह्या सगळा बरा आसा, पण आमच्या विजयदुर्गाचा नाव कोणीच घेवक नाय? हेलियमचो शोध खंय लागलो? विजयदुर्गाक! १८ ऑगस्ट १८६८ चा खग्रास सूर्यग्रहण. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे अजून आसत, दरवर्षी १८ ऑगस्टाक हेलियम दिवस साजरो करतत. तुमची ती ब्राँझची पाटी पयली थंय लागाक होयी.

दुर्बीण

भाऊ, राग मानू नका, पण ही पाटी हिस्टरी कमिटीपुढे दोन मिनिटं टिकायची नाही. एक तर हा विषय खगोलाचा, आयईईईचा नाही. पण ते सोडा. हेलियमच्या शोधात दोन नावं येतात, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आणि इंग्रज लॉकयर. १८६८ च्या ग्रहणात जान्सेन होता आंध्रात गुंटूरला. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्याला सूर्याच्या वर्णपटातली ती हेलियमची पिवळी रेघ दिसली ती ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिकडूनच. लॉकयर विजयदुर्गला आला हे शंभर टक्के खरं, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, अख्खी मोहीम घेऊन. तीस वर्षांनी. आपण दोन ग्रहणांची एक गोष्ट करून टाकलीय.

देवगडचो आंबो

म्हणजे आमी इतकी वर्षा उगाच नारळ फोडतव?

दुर्बीण

उगाच कशाला? १८९८ ची गोष्ट काय लहान आहे का. सूर्याचा त्या काळचा एक मोठा अभ्यासक विलायतेहून एवढी यंत्रं घेऊन विजयदुर्गाच्या किल्ल्यावर उतरतो, मोहिमेचा रिपोर्ट छापतो, हे सगळं कागदावर आहे. तेच लिहा ना पाटीवर. उलट कुणी पुरावा मागितला तर छाती पुढे काढून दाखवता येईल.

देवगडचो आंबो

बरा. पण कट्टे आमचेच. त्येका कागद लागणा नाय.

अलिबागचा पांढरा कांदा

हाहा. मुद्द्यावर येतो. कोकण रेल्वेचं नाव आलंय वर, तर ते इलेक्ट्रिकलवाल्यांच्या संस्थेत बसणार नाही, ते स्थापत्यवाल्यांचं काम. अमेरिकेच्या सिव्हिल इंजिनिअर लोकांची संस्था आहे, एएससीई, १८५२ ची, ते देशोदेशीच्या कामांना ऐतिहासिक लँडमार्क म्हणतात, आयफेल टॉवर पण त्यात आहे. पण त्यांच्याकडे साधारण ५० वर्षांची अट. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे २०४८ पर्यंत थांबा. तोवर करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना मोबाईलची रेंज आली म्हणजे मिळवली.

बाकी काम म्हणाल तर तोंडात बोट घालावं असंच. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, खाली दरी, तिथे परांची बांधणार कशी? म्हणून एका टोकाला पुलाचा तुकडा ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, मागे दुसरा तुकडा ओतायचा, असं करत करत अख्खा पूल खांबांवरून पुढे सरकवत नेलाय. गाडीत बसून हे काही कळत नाही, सगळे खिडकीतून रील काढण्यात दंग.

सडेकर

ही वर्षांची अट मात्र पटली. ताज्या कौतुकाचा भरवसा नसतो. कोकण रेल्वेची स्कायबस आठवते का, ती वरच्या रुळाला लटकून धावणारी? कसला गाजावाजा होता. २००४ मध्ये मडगावला चाचणीतच अपघात झाला, एक जण गेला, पुढे तो सांगाडा उतरवून भंगारात. आधीच्या वर्षी कुणी मेडल मागितलं असतं तर आपल्याकडे दहा दिली असती.

मीटरबॉक्स, राजापूर

मी वायरमन आहे, डिग्री नाही, आयटीआय. मला एक विचारायचंय. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड सगळीकडचे पोल आडवे, आणि कोरोना चालू, गावात कुणी उभं करून घेत नव्हतं, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं आली, शाळांत राहिली, चिखलातून खांद्यावरून पोल वाहिले आणि लाईन उभी केली. पुढच्याच वर्षी तौक्ते. या कामाला तुमच्या संस्थांकडे कुठलं मेडल आहे? का नवीन काढलं तरच इंजिनिअरिंग, आहे ते चालू ठेवलं तर नुसती ड्युटी?

आंजर्ले ते ऑस्टिन

दादा, माइलस्टोनमध्ये याला जागा नाही, कारण तिथे तंत्रज्ञानात नवीन काय झालं तेवढंच बघतात. सेवेसाठी वेगळी पारितोषिकं असतात पण ती बहुतेक संस्थेचीच सेवा केली म्हणून, कमिट्या चालवल्या, मासिक काढलं वगैरे. पोल उभा करणाऱ्यासाठी जगातल्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थांनी फारसा विचार केलेला नाही हे मान्यच करायला हवं. मला याचं नीट उत्तर सुचत नाहीये.

खाडीकाठ, चिपळूण

उत्तर आपल्या हातात थोडंफार आहे ना. दरवर्षी इंजिनिअर्स डेला शाल आपण ठरवतो कुणाला घालायची ती. पुढच्या वर्षी लाईन स्टाफपैकी कुणाला बोलवू, आणि भाषण त्यानेच करायचं, आपण ऐकायचं.

आणि डिग्री नाही म्हणालात त्यावरून, आपल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं (१९२० ची संस्था, आता मुख्यालय कोलकात्यात) मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते एएमआयईचं. डिप्लोमा करून नोकरीला लागलेली माझ्या पिढीची कितीतरी मंडळी रात्री कंदिलात अभ्यास करून ती परीक्षा द्यायची आणि डिग्रीच्या बरोबरीला यायची. २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती मान्यता राहिली नाही. तो दरवाजा बंद झाला ते मला आवडलेलं नाही, मेडल दहा कमी द्या पण असा रस्ता ठेवा.

कुंडलिकेकाठची

खोपोलीचं नाव वर आलंय तर मी रोह्याकडची म्हणून थोडं लिहिते. टाटांची तीन जुनी केंद्रं आपल्या रायगडात, खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७. (भिरा म्हटलं की हल्ली लोकांना फक्त उन्हाळ्यातला तापमानाचा आकडा आठवतो.) कल्पना अशी की पावसाचं पाणी घाटावर तलावांत अडवायचं, पाइपातून सह्याद्रीच्या खाली सोडायचं आणि पायथ्याला टर्बाइन. त्यात कोकणाचाच फायदा, कारण असा सरळ उभा कडा आणि इतका पाऊस दुसरीकडे एकत्र मिळतो कुठे. मुंबईच्या गिरण्या तोवर कोळशावर, वाफेवर चालायच्या. जमशेदजी १९०४ मध्ये गेले, वीज आली अकरा वर्षांनी, दोराबजींनी तडीस नेलं.

पण भिऱ्याला पाटी लावायची झाली तर मला विचारायचंय की त्या ७० शब्दांत मुळशी येणार का? भिऱ्याला पाणी येतं ते मुळशीच्या धरणाचं, आणि त्या धरणासाठी मावळातल्या लोकांच्या भातजमिनी गेल्या, १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. इंजिनिअरिंग उत्तम होतं, वाद नाही. पण जमीन कुणाची बुडाली ते पाटीवर नसेल तर ती पाटी अर्धी आहे.

सडेकर

हे बरोबर. कोयनेचं पण तेच, पोफळीला वीज निघते आणि वरची माणसं उठून कुठे कुठे गेली.

अलिबागचा पांढरा कांदा

ताई, तत्त्व म्हणून मान्य, पण ती पाटी तंत्रज्ञानाची आहे. सगळंच ७० शब्दांत घालायला गेलो तर इंजिनिअरिंगला सात शब्द उरतील. सत्याग्रहाचं वेगळं स्मारक असावं ना.

कुंडलिकेकाठची

वेगळं म्हणजे दुसऱ्या गावात, आणि ते कुणी वाचत नाही. एक वाक्य पुरे आहे हो. "मुळशी खोऱ्यातील गावे बुडवून" एवढे चार शब्द. चार.

आंजर्ले ते ऑस्टिन

पाटीवर नाही बसलं तरी प्रस्तावाच्या कागदांत घालता येतं. तिथे सविस्तर लिहायला जागा असते, अडचणी काय होत्या असा प्रश्नच असतो, आणि मंजूर झाल्यावर ते सगळं नेटवर सगळ्यांना वाचायला राहतं. मी तर म्हणते तिथे दणकून लिहा. पण कमिटी ते पाटीवर येऊ देईल असं मला वाटत नाही.

खाडीकाठ, चिपळूण

मग खोपोलीपासूनच सुरुवात करूया का? आधी यादी बघून घ्यायची म्हणजे कुणी आधीच प्रस्ताव टाकलेला नाही ना ते कळेल. माझा मजकुराचा खर्डा, आधी मराठीत, मग इंग्रजीत करू:

"खोपोली येथील जलविद्युत केंद्र हे भारतातील पहिले मोठे जलविद्युत केंद्र होय. १९१५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून ५०० मीटरहून अधिक खाली आणून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवली आणि पुढील भिवपुरी व भिरा केंद्रांचा पाया घातला."

दुर्बीण

"पहिले" काढा! दार्जिलिंगचं सिद्रापोंग १८९७ चं आहे. "मोठे" जोडलं तरी कर्नाटकात शिवनसमुद्र १९०२ चं, आणि तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणीपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर लाईन टाकली होती त्या काळात. खोपोलीचं वैशिष्ट्य काय ते लिहा, कड्याची उंची आणि एका अख्ख्या शहराच्या गिरण्या. तेवढं भरपूर आहे.

देवगडचो आंबो

हेंका पयलो शब्द कोणाचोच खपणा नाय.

दुर्बीण

नाहीच खपत.

खाडीकाठ, चिपळूण

काढला. पहिलं वाक्य पूर्ण उडवतो. आता पोफळीचं कुणी बघेल का? मला त्यातला लेक टॅपिंगचा भाग स्वतंत्र प्रस्ताव वाटतो. म्हणजे धरण रिकामं न करता तलावाच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा, शेवटची खडकाची भिंत ठेवायची आणि ती एका स्फोटात उडवायची, की पाणी बोगद्यात. नॉर्वेचं तंत्र, आपल्याकडे १३ मार्च १९९९ ला केलं चौथ्या टप्प्यासाठी, तो एकटा टप्पा १००० मेगावॅटचा. म्हणजे २५ वर्षं २०२४ लाच झाली. दुसऱ्यांदा केलं २०१२ मध्ये.

सडेकर

ते स्थापत्य झालं की इलेक्ट्रिकल? परत तोच घोळ.

आंजर्ले ते ऑस्टिन

वीजनिर्मितीचा भाग पुढे ठेवला तर मांडता येईल. पण नॉर्वेचं तंत्र इथे आणताना आपल्या लोकांनी काय बदललं, काय नवीन करावं लागलं ते दाखवावं लागेल. डेक्कन ट्रॅप खडकात (म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट) काय अडचण आली, गळती कशी थांबवली, असलं. ते कुणाच्या तरी साइट डायरीत असणार. १९९९ ला तिशीत असलेले इंजिनिअर आता रिटायर होतायत, त्यांना आत्ता गाठा.

मीटरबॉक्स, राजापूर

अलोऱ्याच्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतले दोन-तीन जुने लोक माझ्या ओळखीत आहेत, एक तर ब्लास्टिंगच्या टीमलाच होता म्हणतो. डिग्रीवाला नाही, फोरमन. चालेल?

आंजर्ले ते ऑस्टिन

धावेल. बोलणं रेकॉर्ड करा, तारीख आणि जागा विचारून घ्या, आणि जुने फोटो, पगाराची स्लिप, ओळखपत्र, काहीही असेल त्याचा फोटो काढा. नुसती आठवण कमिटीला पुरत नाही, पण आठवणीवरून कागद कुठे शोधायचा ते कळतं.

मीटरबॉक्स, राजापूर

रविवारी जातो. त्याच्याकडे तेव्हाचं हेल्मेट पण आहे, कोंबड्यांना पाणी ठेवतो त्यात.

दुर्बीण

हेल्मेटचा फोटो आधी, मग कोंबड्यांचा.